ध्रुवीय सूक्ष्मशैवालांची क्लोरोफिल प्रतिदीप्ती कशी मोजावी: नमुन्यापासून वक्रापर्यंत

पॅम फ्लुरोमीटर, म्हणजे क्लोरोफिलची लाल चमक मोजणारे यंत्र, कधीच नाही म्हणत नाही. क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना धरणाऱ्या छोट्या पारदर्शक भांड्यात, काहीही ठेवा आणि बटण दाबा, पडद्यावर आकडा येतोच. नमुना ताजा असो वा अर्धमेला, आणि गेन (संकेत किती पट वाढवायचा ते सेटिंग) वाढवून ठेवला असेल तर नुसत्या गाळलेल्या पाण्याचासुद्धा. त्यामुळे २५ अंशांवर वाढवलेल्या क्लोरेला या हिरव्या शैवालावर हात बसलेला विद्यार्थी तोच परिपाठ ध्रुवीय डायटमवर (सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्मशैवालावर) चालवतो तेव्हा यंत्र कुरकुर करत नाही. एफव्ही बाय एफएम, म्हणजे प्रकाश वापरण्याची कमाल कार्यक्षमता, ०.३५ येतो, वहीत ‘शैवाल ताणाखाली’ अशी नोंद होते आणि काम पुढे सरकते. तो ताण समुद्रातला होता की बाटली टेबलावर पडून होती त्या अर्ध्या तासातला, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नसतो.

म्हणून या लेखात बटण दाबण्यापूर्वीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. उदाहरण म्हणून स्वालबार्डमधला कोंग्सफ्योर्ड घेतला आहे. त्याच्या काठी न्यू-ऑलेसुंड या वस्तीत, ७९ अंश उत्तरेच्या किंचित अलीकडे, भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ध्रुवीय शैवाल ताजे हाताळायची संधी मिळाली तर ती तिथेच मिळण्याची शक्यता मोठी. अंटार्क्टिकात जिथे पद्धत बदलते तिथे तसे सांगितले आहे.

आधी तत्त्व, थोडक्यात

क्लोरोफिलने शोषलेल्या प्रकाशापुढे तीन वाटा असतात. तो प्रकाशसंश्लेषणात खर्च होतो, उष्णता होऊन जातो, किंवा लाल प्रतिदीप्ती म्हणून परत बाहेर पडतो. जिवंत पेशीत या तिसऱ्या वाटेला जेमतेम काही टक्के ऊर्जा जाते. पण तिन्ही वाटा एकमेकींशी बांधलेल्या असल्याने ही एक मोजली की उरलेल्या दोघींचा अंदाज बांधता येतो. अंधारातून उजेडात आणल्यावर ही लाल चमक आधी चढते आणि मग उतरते, हे कौट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवले. १९८०च्या दशकात श्रायबर यांनी ठोक्याठोक्याने लुकलुकणारा मोजणीचा प्रकाश वापरून भर उजेडातही ही चमक वेगळी काढून दाखवली. पॅम यंत्रे त्यातूनच आली.

अंधारात ठेवलेल्या पेशीत फोटोसिस्टिम-२ ची, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनसंचाची, सगळी केंद्रे उघडी असतात. तेव्हाची प्रतिदीप्ती म्हणजे एफ-नॉट. मग प्रकाशाचा एक जोरदार पल्स देऊन सगळी केंद्रे क्षणभर बंद पाडली की मिळते ती एफ-एम. दोहोंतील फरक म्हणजे एफव्ही, आणि एफव्ही भागिले एफएम म्हणजे फोटोसिस्टिम-२ ची कमाल कार्यक्षमता. हेच गणित उजेडात केले की त्या उजेडातली प्रत्यक्ष कार्यक्षमता मिळते. १९८९ मध्ये जेंटी व सहकाऱ्यांनी ते मांडले.

थंडीने नेमके काय बिघडते

प्रकाश शोषण्याला थंडीचे सोयरसुतक नसते. उणे १.८ अंशांच्या पाण्यातही क्लोरोफिल तितक्याच तत्परतेने फोटॉन टिपते. मंदावतात ती पुढची एन्झाइमे, विशेषतः कार्बन बांधणारी. पुऱ्या लाटणारे चौघे आणि तळणारा एकच, अशी गत होते आणि लाटलेल्या पुऱ्या परातीत साचत जातात. पेशीत साचते ती ऊर्जा. ध्रुवीय शैवालांनी यावर उपाय काढलेले आहेत. ती एन्झाइमांचे प्रमाण वाढवतात, पटलांतली मेदाम्ले बदलतात आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या वाटेने भराभर घालवतात. तरी मोजणी करणाऱ्याला काही गोष्टी धरून चालाव्याच लागतात. प्रकाश फार वाढण्याआधीच प्रकाशसंश्लेषणाचा वक्र सपाट होतो, पल्सनंतर केंद्रे पुन्हा उघडायला जास्त वेळ लागतो, आणि उन्हाने झालेली इजा सावकाश भरून निघते.

दुसरी बाब उजेडाची. बर्फावर वीसेक सेंटिमीटर हिम साचलेले असेल तर खालच्या शैवालापर्यंत वरच्या प्रकाशाचा कित्येकदा एक टक्काच पोचतो. २०१९-२० च्या मोझाइक या आर्क्टिक संशोधनमोहिमेत तर ०.०४ मायक्रोमोल इतक्या अंधुक उजेडात आर्क्टिक सूक्ष्मशैवालांनी वाढ सुरू केल्याचे दिसले. (प्रकाशाचे आकडे या लेखात सगळीकडे मायक्रोमोल फोटॉन, दर चौरस मीटरला, दर सेकंदाला असे आहेत.) अशा जीवाला टेबलावरचा ट्यूबलाइट म्हणजे भर दुपारचे ऊन.

पायरी १: यंत्र निवडणे

बर्फातल्या आणि कल्चरमधल्या दाट नमुन्यांसाठी क्युव्हेटचे साधे पॅम पुरते. निळा, हिरवा, नारिंगी, लाल असे वेगवेगळे रंग देणारे बहुरंगी पॅम मिळाले तर उत्तम, कारण मिश्र नमुन्यात डायटम किती आणि हिरवी शैवाले किती याचाही अंदाज येतो. हिवाळ्यातल्या किंवा दक्षिण महासागरातल्या विरळ पाण्यासाठी एफआरआरएफ (प्रकाशाचे झटपट झटके देणारे फ्लुरोमीटर) जातीची यंत्रे जास्त संवेदनशील असतात. ती मायक्रोसेकंदांच्या झटक्यांनी केंद्रे बंद करतात आणि वर फोटोसिस्टिम-२ चे प्रकाश टिपणारे ‘जाळे’ किती मोठे आहे तेही मोजून देतात. एक पथ्य मात्र कायम लक्षात असू द्या. पॅमचा लांब पल्स आणि एफआरआरएफचा आखूड झटका यांतून मिळणारा एफव्ही बाय एफएम सारखा नसतो. आखूड झटक्याचा आकडा कमी भरतो. दोन्ही यंत्रांचे आकडे एका आलेखावर टाकून ‘या वर्षी कार्यक्षमता घटली’ असे लिहू नये.

न्यू-ऑलेसुंडला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे भूमापनाच्या रेडिओ दुर्बिणी असल्याने संपूर्ण परिसर रेडिओ-शांत ठेवला जातो. वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही, वायरलेस माउससुद्धा नाही. हातात धरायचे फ्लुरोमीटर ब्लूटूथवरून डेटा पाठवत असेल तर केबल आणि तिचे सॉफ्टवेअर निघण्याआधी लॅपटॉपवर टाकून, चालवून बघा. बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात. जादा जोडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी.

पायरी २: नमुना

पाण्याचा नमुना त्यामानाने सोपा. निस्किन बाटलीतून (ठरावीक खोलीवर बंद होऊन पाणी धरणाऱ्या बाटलीतून) थेट काळ्या किंवा काळ्या पिशवीत गुंडाळलेल्या बाटलीत घ्या आणि बाटली बर्फमिश्रित समुद्राच्या पाण्यात ठेवा. निव्वळ बर्फात रुतवू नका, कडेचे पाणी गोठते. एप्रिल-मेच्या बहरात कोंग्सफ्योर्डमध्ये फिओसिस्टिस पाउचेटी आणि थॅलॅसिओसिरा, कीटोसेरॉससारखे डायटम भरपूर असतात. तेव्हा नमुना दाट करायची गरज पडत नाही. हिवाळ्यात पडते. त्यासाठी गुरुत्वाने, म्हणजे पंप न लावता, गाळणीवरून पाणी जाऊ द्यावे आणि गाळणी कोरडी पडण्याआधी थांबावे. फिओसिस्टिसच्या वसाहती लिबलिबीत असतात. व्हॅक्यूम लावला की फुटतात.

बर्फाचे काम खरे कसबाचे. साधारण ९ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रिलने गाभा काढतात आणि त्याचा तळाचा ३ ते ५ सेंटिमीटरचा तपकिरी भाग हवा असतो. तिथे नित्झ्शिया फ्रिजिडासारखे डायटम खाऱ्या पाण्याच्या नळ्यांत राहतात. हा तळ अंधुक उजेडाला सरावलेल्या जीवांचा, आणि गाभा वर येतो तेव्हा बाहेर ऊन असते काही शे ते हजार मायक्रोमोल, वर हिमावरून परावर्तित होणारे वेगळे. म्हणून भोकावर काळी ताडपत्री धरायला एक माणूस लागतो. हे काम दोघांत होत नाही, तिसरा हवाच. वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलांसाठी बंदूक बाळगणारा सोबती असतोच. पण त्याचे काम क्षितिजावर नजर ठेवण्याचे आहे, ताडपत्री धरायला त्याला लावू नये.

तळाचा तुकडा गोड्या पाण्यासारखा नुसता वितळू दिला तर पेशी फुगतात, कित्येक फुटतात. नळ्यांतले पाणी समुद्राइतके किंवा त्याहून खारे असते आणि बर्फ वितळून होणारे पाणी फार कमी खारे. उपाय असा की ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळलेले थंड समुद्राचे पाणी आधी डब्यात घालायचे आणि त्यात तुकडा सोडायचा. गाभ्याच्या दर सेंटिमीटरला १०० मिलिलिटर हे प्रमाण बरेच जण वापरतात. हिशोब करून बघा. ९ सेंटिमीटर व्यासाचा १ सेंटिमीटर गाभा म्हणजे सुमारे ६४ घनसेंटिमीटर बर्फ, वितळून ५७ मिलिलिटरच्या आसपास पाणी. त्याची क्षारता ८ धरली आणि समुद्राच्या पाण्याची ३४, तर मिश्रण २४-२५ वर येते. शैवालांसाठी मला हे कमी वाटते. एकास तीन प्रमाण घेतले तर २७ च्या पुढे जाता येते.

त्यातही पूर्ण तुकडा अंधारात २ ते ४ अंशांवर वितळायला रात्र जाते. तोवर पेशींची अवस्था बदललेली असते. म्हणून प्रतिदीप्तीसाठी तळाचा मऊ थर थंड सुरीने खरवडून सरळ गाळलेल्या थंड पाण्यात घ्यावा आणि तास-दोन तासांत मोजावा. पूर्ण वितळवलेला तुकडा क्लोरोफिल आणि पेशींच्या मोजदादीसाठी राखून ठेवावा. एकाच डब्यातून दोन्ही कामे काढायचा मोह आवरा.

गोव्यात किंवा पुण्यात बसून काम करायचे असेल तर फ्रॅजिलेरिऑप्सिस सिलिंड्रस हा डायटम घ्यावा. तो दोन्ही ध्रुवांकडे सापडतो, संग्रहांतून कल्चर मिळते आणि त्याचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ४ अंशांवर, एलईडी बसवलेल्या काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये तो सुखाने वाढतो. वीज जाण्याची मात्र व्यवस्था हवी. इन्व्हर्टर नसेल तर फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि वीज गेली की फ्रिजच्या तळाशी रचाव्यात.

पायरी ३: क्युव्हेटमधली थंडी टिकवणे

नमुना थंड आणला आणि खोलीच्या तापमानाच्या होल्डरमध्ये ओतला, तर सगळी मेहनत पाण्यात. क्युव्हेटमधले तीन-चार मिलिलिटर पाणी बघता बघता तापते. होल्डरभोवती थंड द्रव फिरवणारे जॅकेट किंवा पेल्टिए (विजेने थंड होणारी पट्टी) बसवलेला होल्डर हवा. शून्याखाली जायचे असेल तर फिरत्या द्रवात ग्लायकॉल मिसळावे लागते. बाथच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. बारीक तारेचे थर्मोकपल क्युव्हेटच्या पाण्यात सोडून, पंधरा मिनिटे ॲक्टिनिक लाइट, म्हणजे प्रकाशसंश्लेषण चालवणारा दिवा, चालू ठेवून तापमान कुठे स्थिरावते ते पाहा. एलईडीची उष्णता तेव्हाच कळते. बाथ उणे ३ ठेवल्यावर आत उणे १ मिळते, असे काहीतरी निघेल. तो फरक वहीत लिहून ठेवावा.

गोव्याच्या दमट हवेत आणखी एक त्रास. थंड क्युव्हेटवर क्षणात दव धरते, प्रकाश विखुरतो आणि आकडे उड्या मारू लागतात. तंतू न सोडणाऱ्या कागदाने पुसा, होल्डरवर झाकण ठेवा, शक्य असल्यास कोरड्या हवेची बारीक धार सोडा. आतल्या भिंतीवर बारीक बुडबुडे दिसू लागले तर नमुना तापतो आहे असे समजा. थंड पाण्यात जास्त वायू विरघळलेला असतो आणि तापताना तो बाहेर पडतो.

पिपेटची टोके, रिकामे क्युव्हेट आणि ढवळायचे चुंबक हेही आधीच फ्रिजमध्ये ठेवलेले असावेत. डायटम जड, चटकन तळाशी बसतात. हलके ढवळत राहा आणि पल्सच्या आधी ढवळणे थांबवायचे की चालू ठेवायचे ते एकदाच ठरवा.

पायरी ४: गेन आणि ब्लँक

सगळ्यात प्रखर नमुना मर्यादेत बसेल असा गेन लावा आणि मालिका संपेपर्यंत त्याला हात लावू नका. मग त्याच नमुन्याचे गाळलेले पाणी ब्लँक म्हणून मोजा. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि तुटक्या पेशींतून सुटलेली रंगद्रव्ये स्वतःच चमकतात. बर्फाच्या नमुन्यात तर जास्तच.

हा फरक किरकोळ नाही. समजा एफ-नॉट २०० आणि एफ-एम ४४० आला. एफव्ही बाय एफएम होतो २४० भागिले ४४०, म्हणजे ०.५५. ब्लँक ४० निघाला तर खरे आकडे १६० आणि ४००, आणि उत्तर ०.६०. विरळ नमुन्यात, जिथे ब्लँक एफ-नॉटच्या निम्म्यावर जातो, तिथे निरोगी शैवालही आजारी ठरते. ब्लँक गाळताना सिरिंजवर जोर देऊ नका. पेशी फुटून त्यांचे रंगद्रव्य गाळणीतून उतरते आणि ब्लँकच फुगतो.

पायरी ५: अंधार

वनस्पतींच्या पानांना अर्धा तास अंधार देऊन मोकळे होता येते. डायटमांना तसे जमत नाही. पूर्ण अंधारातही त्यांच्या पटलांवर आम्लता टिकून राहू शकते आणि डायॲटोझँथिन हे संरक्षक रंगद्रव्य माघारी वळत नाही. परिणाम असा की पूर्ण अंधारापेक्षा अगदी मंद उजेडात एफ-एम जास्त भरते. म्हणून आपल्या नमुन्यावर एकदा चाचणी घ्यावी. ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांचा अंधार, शेजारी तितकाच वेळ एखाद-दुसऱ्या मायक्रोमोलचा मंद किंवा दूर-लाल प्रकाश. एफव्ही बाय एफएम जिथे स्थिरावतो ती वेळ घ्यायची. बर्फातले शैवाल आधीच अंधुक उजेडात असते, त्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मध्यरात्रीच्या सूर्यात पृष्ठभागाजवळच्या पाण्यातल्या नमुन्याला तासही कमी पडू शकतो, कारण त्याला इजा झालेली असते आणि ती केवळ अंधाराने भरत नाही.

या सगळ्या वेळात नमुना मोजणीच्याच तापमानाला हवा. वेगवेगळ्या नमुन्यांना वेगवेगळा अंधार मिळू नये म्हणून एका नमुन्याच्या मोजणीला जितका वेळ लागतो तितक्या अंतराने ते एकेक करून अंधारात टाकावेत.

पायरी ६: दोन प्रकाशांची तपासणी

मेजरिंग लाइट, म्हणजे मोजणीचा प्रकाश, इतका मंद असावा की त्याने स्वतः काही घडवू नये. कारखान्यातून आलेले सेटिंग मध्यम हवामानाच्या शैवालांसाठी असते. परीक्षा सोपी आहे. अंधारातल्या नमुन्यावर फक्त मेजरिंग लाइट चालू करा आणि मिनिटभर एफ-नॉटची रेघ पाहा. ती आडवी राहिली तर ठीक. हळूहळू चढू लागली तर हा प्रकाशच केंद्रे बंद करतो आहे. तीव्रता किंवा वारंवारता कमी करा. बर्फाखालच्या नमुन्यात ही रेघ चढताना हमखास दिसते.

पल्सची परीक्षा त्याच्या आकारावरून. ०.६ ते ०.८ सेकंदांच्या पल्समध्ये प्रतिदीप्ती चढून माथ्यावर सपाट झाली पाहिजे. शेवटपर्यंत चढतच असेल तर पल्स अपुरा. मध्येच शिखर गाठून उतरू लागली तर तो लांब किंवा अतितीव्र, पल्समध्येच शमन, म्हणजे चमक दाबली जाणे, सुरू झाले आहे. थंडीत इलेक्ट्रॉनांची वाहतूक मंद असल्याने केंद्रे कमी प्रकाशातही बंद होतात, त्यामुळे बहुधा पल्स कमी करावा लागतो. वाढवायची वेळ क्वचित येते. दोन पल्समध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या, आणि दुसरा एफ-एम पहिल्याइतका येतो का ते पाहूनच पुढे जा. प्रत्येक पल्सची रेघ साठवा, नुसता आकडा नको.

क्युव्हेटमधला ॲक्टिनिक प्रकाश मात्र यंत्राच्या यादीवरून घेऊ नका. चहूबाजूंनी प्रकाश टिपणारा बारीक गोल सेन्सर क्युव्हेटच्या पाण्यात बुडवून, त्याच थंड तापमानाला मोजा. एलईडीचे तेज तापमानाने आणि वयानेही बदलते.

पायरी ७: प्रकाशवक्र

एकेका प्रकाशपायरीवर थोडा वेळ थांबायचे, पल्स द्यायचा, पुढच्या पायरीवर जायचे. यंत्रातल्या तयार वक्राची पहिलीच पायरी बहुधा चाळीस-पन्नास मायक्रोमोलच्या घरात असते. बर्फातल्या शैवालाचा वक्र तिथवर वाकलेला असतो, मग चढण ठरवायला बिंदूच उरत नाहीत. माझी पसंती बर्फासाठी ०, २, ५, १०, २०, ३५, ६०, १००, १७० आणि २८० या पायऱ्यांना. वसंतातल्या मोकळ्या पाण्यासाठी वरच्या टोकाला ४५० आणि ८०० जोडावेत.

दर पायरीला किती वेळ? दहा-वीस सेकंदांचे झटपट वक्र जगभर काढले जातात आणि बोटीवर तेच शक्य असते. पण ०अंशांच्या आसपास तेवढ्या वेळात प्रवाह स्थिरावत नाही. वक्र मग शैवालाची क्षमता कमी आणि त्याची ताजी पूर्वस्थिती जास्त सांगतो. ६० ते १२० सेकंद द्यावेत. एक वक्र वीस मिनिटांवर जातो, दिवसाला कमी नमुने होतात, चालेल. घाई असेलच तर सगळ्या मोहिमेत एकच वेळ ठेवा आणि ती लेखात लिहा.

हिशोब असा. ५० मायक्रोमोलला प्रतिदीप्ती ३००, पल्समध्ये ४००. कार्यक्षमता १०० भागिले ४००, म्हणजे ०.२५. तिला ५० ने गुणले की १२.५ हा सापेक्ष इलेक्ट्रॉन-वेग. निम्मा प्रकाश फोटोसिस्टिम-२ ला मिळतो असे धरून काही जण वर ०.५ ने गुणतात. ते गृहीतक डायटमांना तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून मी ‘सापेक्ष’ शब्द ठेवून गुणाकार टाळावा असे म्हणेन. वक्राला जॅस्बी-प्लॅट किंवा, टोकाला उतार असेल तर, प्लॅट व सहकाऱ्यांचे समीकरण बसवा. चढण, माथा आणि दोन्ही जिथे भेटतात तो ई-के हा प्रकाश, असे तीन आकडे मिळतात. समीकरण इलेक्ट्रॉन-वेगावर बसवण्याऐवजी कार्यक्षमतेच्या आकड्यांवर बसवले तर मंद प्रकाशातले बिंदू नीट धरले जातात. वेग काढताना प्रकाशाने गुणल्याने चुकाही गुणल्या जातात.

ध्रुवीय नमुन्यात ई-के हा सगळ्यात बोलका आकडा. बर्फाखाली तो काही थोड्या दहांच्या आत सापडतो, मोकळ्या पाण्यात बराच वर. एकाच जागी आठवडाभर मोजत राहिलात आणि हिम वितळून प्रकाश वाढला, तर ई-के चढताना दिसतो.

पायरी ८: एनपीक्यू

उष्णतेच्या वाटेने किती ऊर्जा जाते ते एनपीक्यू सांगतो. अंधारातल्या एफ-एममधून उजेडातली एफ-एम प्राइम वजा करायची आणि तिनेच भागायचे. डायटमांत अंधारातली एफ-एम कधी मंद उजेडातल्यापेक्षा कमी असते हे वर आलेच. तसेच धरले तर एनपीक्यू ऋण येतो. अशा वेळी वक्रातली सर्वांत मोठी एफ-एम आधार म्हणून घ्यावी आणि तसे नमूद करावे. वक्र संपल्यावर ॲक्टिनिक लाइट बंद करून १, ५, १५, ३० मिनिटांनी पल्स द्यायला विसरू नका. पहिल्या काही मिनिटांत परत येतो तो भाग संरक्षणाचा. अर्ध्या तासानंतरही परत न येणाऱ्या भागात इजा असू शकते, पण थंडीत संरक्षणही सावकाश ओसरते. म्हणून शंका आली की त्यातला एक नमुना रात्रभर मंद उजेडात ठेवून सकाळी पुन्हा मोजावा.

आकडे वाचताना

पोषक द्रव्ये भरपूर असलेल्या डायटमांत पॅमवर एफव्ही बाय एफएम ०.६ ते ०.७ येतो. पानांचा ०.८३ इथे शोधू नये. आकडा कमी आला तर कारणे अनेक. ऊन, क्षारतेचा धक्का, नायट्रोजनची टंचाई, मेलेल्या पेशींची भर. दक्षिण महासागरात यांत लोहाची उणीव आघाडीवर असते. तिथल्या लोहप्रयोगांत लोह मिसळल्यावर क्लोरोफिल वाढण्याआधी एफव्ही बाय एफएम चढतो. २००९ च्या लोहाफेक्स प्रयोगातही, ज्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था एकत्र होत्या, शैवालांनी लोहाला प्रतिसाद दिला. पण सिलिका कमी असल्याने डायटम वाढू शकले नाहीत आणि बाकीच्यांना प्राणिप्लवकांनी खाऊन टाकले. कार्यक्षमता वाढली म्हणजे साठा वाढेलच असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याउलट हिवाळ्याचे. स्वालबार्डच्या पाण्यात ध्रुवीय रात्रीत, जानेवारीत घेतलेल्या शैवालांना उजेड दाखवला तेव्हा ती प्रकाशसंश्लेषणाला भराभर लागली. म्हणजे अंधारातल्या नमुन्यात बऱ्यापैकी एफव्ही बाय एफएम दिसला तर ब्लँक चुकला असेल असे लगेच धरू नका. आधी ब्लँक तपासा, मग आकड्यावर विश्वास ठेवा.

अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री केंद्राजवळच्या शिरमाकर ओॲसिसमधल्या तळ्यांत सायनोबॅक्टेरियांचे थर असतात. निळा मेजरिंग लाइट त्यांच्या फायकोबिलिन रंगद्रव्यांना नीट पोचत नाही. नारिंगी किंवा लाल वापरावा लागतो. त्यांची फायकोबिलिने स्वतःही चमकतात आणि एफ-नॉट फुगवतात, त्यामुळे त्यांचा एफव्ही बाय एफएम डायटमांशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. हिमनद्यांवरच्या अँसिलोनेमा या शैवालात तपकिरी-जांभळे द्रव्य असते, तेही प्रकाश अडवते. तिथे यंत्रातला प्रकाश आणि हरितलवकापर्यंत पोचलेला प्रकाश वेगळे.

सरासरी काढताना एकाच क्युव्हेटवरचे तीन पल्स म्हणजे तीन नमुने नव्हेत. तीन वेगळे गाभे, तीन वेगळ्या बाटल्या हव्यात.

रंजके जोडायची असतील तर

मेलेल्या पेशी ओळखायला सायटॉक्स ग्रीन, मेदाच्या थेंबांसाठी बॉडिपी ५०५/५१५ चांगली. नाइल रेड डायटमांच्या सिलिकाच्या कवचातून नीट शिरत नाही. यांची द्रावणे बरेचदा डीएमएसओ या द्रावकात असतात आणि डीएमएसओ १८.५ अंशांना गोठते. थंड खोलीत कुपी उघडाल तर आत दगड मिळेल. तळहातात धरून वितळवा, नमुना मात्र थंडच ठेवा. थंडीत रंजक आत शिरायला वेळ लागतो. पाकिटावर पाच मिनिटे लिहिले असेल तर पंधरा-वीस देऊन आकडा स्थिरावतो का पाहा, आणि उकळून मारलेल्या पेशींचा एक नमुना तुलनेला ठेवा.

इलेक्ट्रॉनांपासून कार्बनपर्यंत

परिसंवादात नेहमी विचारले जाते, ‘मग किती कार्बन बांधला?’ प्रतिदीप्ती त्याचे थेट उत्तर देत नाही. फोटोसिस्टिम-२ मधून निघालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कार्बनपर्यंत जात नाही. काही नायट्रेट वापरण्यात जातात, काही परत ऑक्सिजनकडे. एका कार्बनमागे किमान चार इलेक्ट्रॉन लागतात, पण समुद्रात हे प्रमाण दहाच्या पुढेही जाते, आणि थंडी, जादा ऊन, लोहाची टंचाई या तिन्हींनी ते वाढते. ध्रुवीय पाण्यात तिन्ही एकत्र भेटू शकतात. दुसऱ्या समुद्रातला गुणक उचलून इथे लावणे म्हणूनच टाळावे. वक्र काढाल त्याच दिवशी, त्याच बाटलीतले पाणी तीन-चार प्रकाशपातळ्यांवर कार्बन-१३ घालून उबवा. कार्बन-१४ जास्त संवेदनशील आहे, पण किरणोत्सारी असल्याने परवान्यांची दगदग असते आणि परदेशी केंद्रावर ती दुप्पट होते. उबवायच्या बाटल्याही त्याच उणे एक-दीड अंशाच्या पाण्यात हव्यात, नाहीतर कार्बनचा वक्र एका तापमानाचा आणि इलेक्ट्रॉनांचा दुसऱ्याच, असे होऊन भागाकार निरर्थक ठरतो.